वाकडे घर वाकडेच उभे राहिले पाहिजे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडमधल्या जुन्या पबांवर आलेला लेख वाचला. लंडनच्या साउथवर्कमधील ‘जॉर्ज इन’चे वर्णन सुरेख उतरले आहे. १६७७ साली आगीनंतर पुन्हा बांधलेली ती इमारत, तिचे लाकडी सज्जे आणि घोडागाड्यांचे अंगण वाचतानाच दिसू लागले. मात्र स्टॅफर्डशायरमधील हिम्लीजवळच्या ‘क्रुकेड हाउस’ (म्हणजे ‘वाकडे घर’) या एका बाजूला कललेल्या पबची बोळवण लेखकाने दोन ओळींत केली आहे. ते पर्यटकांच्या करमणुकीचे ठिकाण होते, वास्तुकला म्हणून त्यात काही नव्हते, असा त्या ओळींचा सूर आहे. मी इथे जवळच, डडलीत राहतो आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो. हा शेरा मला अजिबात पटला नाही.

हे घर १७६५ मध्ये शेतघर म्हणून बांधले गेले. १८३०च्या आसपास त्याचा पब झाला. त्याचे कागदोपत्री नाव बराच काळ ‘ग्लिन आर्म्स’ होते. डडलीच्या परिसरात जमिनीखाली दगडी कोळशाचा सुमारे ३० फूट जाडीचा थर होता. इतका जाड थर इंग्लंडात क्वचितच सापडतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात इथली जमीन पोखरून काढली गेली. कोळसा काढताना छत तोलायला कोळशाचेच खांब सोडायचे, आणि पुढे तेही काढून न्यायचे, असा तेव्हाचा प्रकार. वरची जमीन खचत गेली. या घराचे एक टोक दुसऱ्या टोकापेक्षा सुमारे ४ फूट खाली बसले आणि इमारत जवळपास १५ अंशांनी कलली.

मी मूळचा चंद्रपूरचा. पोखरलेली जमीन काय करते, हे आमच्याकडच्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. २०२२ साली घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खे घर बघता बघता जमिनीत गडप झाले. हिम्लीत जमीन सावकाश बसली म्हणून घर वाचले. पण ते फक्त जमिनीमुळे नव्हे, भिंतींमुळेही. त्या काळचे बांधकाम चुन्यातले. चुना सिमेंटसारखा ताठर नसतो. दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, थोड्या थोड्या सरकतात, बारीक चिरा पडतात, पाऊस-पाण्याने त्या काही अंशी आपोआप भरूनही येतात. सिमेंटमधली भिंत एवढ्या हालचालीत तडकून मोकळी झाली असती. ही भिंत जुन्या गोधडीसारखी खालच्या उतारावर पसरली. १९४०च्या दशकात इमारत धोकादायक ठरवून पाडायचे ठरले होते. तेव्हा एका मद्य कंपनीने ती घेतली, आणि विटांच्या आधारभिंती व लोखंडी तुळया देऊन ती तोलून धरली. विशेष म्हणजे, तिला सरळ करण्याच्या फंदात कोणी पडले नाही.

आतली मौज बाहेरून कळायची नाही. बारच्या खोलीत शिरले की पाय एक सांगायचे आणि डोळे दुसरेच. एका कडेच्या लाकडी पट्टीवर नाणे किंवा गोटी ठेवली की ती चढावर धावताना दिसे. खरे तर ती उतारावरच जात असे. पण खोलीच्या भिंती, दाराच्या चौकटी, छत असे सगळेच एका बाजूला झुकलेले असल्यामुळे डोळा त्यांनाच ओळंब्यात, म्हणजे सरळ उभे, धरून चालतो, आणि उतार त्याला चढ वाटतो. भिंतीशी उभे असलेले लंबकाचे घड्याळ अगदी सरळ होते, तरी खोलीत तेच एकटे कलंडल्यासारखे दिसायचे. जागेचा असा अनुभव देणारी इमारत वास्तुकलेत मोडत नसेल, तर मग काय मोडते? एकाही वास्तुविशारदाने तिचा नकाशा काढलेला नव्हता, हे खरे. शेतकरी, गवंडी, खाणकामगार आणि खालची जमीन यांनी मिळून ती घडवली. खाणींची धुराडी गेली, कोळशाचे ढीग सपाट झाले. या भागाचा खाणींचा इतिहास भिंतींत वाचता येईल अशी दुसरी इमारत मला तरी ठाऊक नाही.

२०२३च्या जुलैमध्ये हा पब विकला गेला. ५ ऑगस्टच्या रात्री तिथे आग लागली. पोलिसांनी ती लावलेली आग समजूनच तपास सुरू केला. दोन दिवसांत उरलेली इमारत यंत्र लावून भुईसपाट केली गेली. स्थानिक कौन्सिलच्या म्हणण्यानुसार सुरक्षेसाठी वरच्या मजल्याचा दर्शनी भाग तेवढा उतरवायचे ठरले होते, संपूर्ण इमारत पाडायला त्यांची संमती नव्हती. दुर्दैव असे की इमारत संरक्षित वारशाच्या राष्ट्रीय यादीत नव्हती. तिचा समावेश करावा असा अर्ज वारसा जपणाऱ्या ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या संस्थेकडे आलेला होता, निर्णय व्हायचा होता. आपल्या लेखकाच्या मनात जी समजूत आहे, की सज्जे आणि कोरीव काम असेल तरच वास्तुकला, तीच सगळीकडे पसरलेली असते. मग अशा साध्या इमारतींची पाळी यादीत सर्वांत शेवटी येते आणि तोवर उशीर झालेला असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कौन्सिलने मालकांना नोटीस बजावली, की तीन वर्षांत इमारत आगीपूर्वी होती तशी उभी करा. मालकांनी त्याविरुद्ध अपील केले. यावर माझ्या ओळखीतलेही अनेक जण म्हणतात, की मुद्दाम वाकडी बांधलेली इमारत म्हणजे नाटकाचा सेट होईल. हा आक्षेप गंभीर आहे, मी तो झटकत नाही. जमिनीने शंभर वर्षांत केलेले काम गवंड्याला एका हंगामात करता येणार नाही. पण जुन्या विटा, चुन्याच्याच दरजा, आणि मुख्य म्हणजे विटांचे थर पाणसळीत (आडवे, सपाट) न ठेवता जुन्या उताराच्या रेषेने बसवणे, एवढे पथ्य पाळले तर ती रचना पुन्हा वाचता येईल. भार घेणारा सांगाडा आत लपवता येतो. मोजमापांसाठी हजारो लोकांनी वर्षानुवर्षे काढलेले फोटो आहेत. सरळ भिंतींचा नवा पब बांधून त्यावर जुनी पाटी लावली, तर मात्र ती शुद्ध फसवणूक ठरेल.

हे अशक्य नाही, याचा दाखला लंडनमध्येच आहे. मेडा व्हेलमधील ‘कार्लटन टॅव्हर्न’ हा १९२०-२१ मध्ये बांधलेला पब. २०१५ च्या एप्रिलमध्ये, त्याला संरक्षण मिळण्याच्या बेतात असतानाच, विकासकाने विनापरवाना पाडला. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो होता तसा पुन्हा बांधायला लावला आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याचे दार उघडले. शेजाऱ्यांना आधीच शंका आली होती, म्हणून पाडण्यापूर्वी तज्ज्ञांकडून त्या वास्तूची बारकाईने नोंद झाली होती. त्या नोंदीच पुढे कामी आल्या.

पुरवणीच्या पुढच्या एखाद्या अंकात या ‘कार्लटन टॅव्हर्न’च्या पुनर्बांधणीवर सविस्तर लेख द्यावा, आणि ‘क्रुकेड हाउस’चे आतून घेतलेले एखादे छायाचित्र त्यासोबत छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डडली, इंग्लंड