नद्यांची वही

ठाणे

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा गॅसवर भाजी होती, धड बोलताच आलं नाही. मे महिन्यात मुलांना घेऊन पहिल्यांदाच गाडीने मालवणला निघताय, आणि "इतका वेळ यांना रमवायचं कसं गं?" विचारताना तुझा आवाज अगदी रडवेला झाला होता. म्हणून हे सविस्तर.

पहिलं म्हणजे, मोबाइल हातात देऊ नकोस. आम्ही एकदा पनवेल सोडलं आणि दिला. माणगाव यायच्या आत ईशान पांढराफटक पडला आणि सीटवरच उलटी. डोळे पडद्यावर खिळलेले, पण कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग सांगतो गाडी हलतेय. मेंदूला मेळ लागत नाही आणि मळमळतं. लांबवर बाहेर बघितलं की बरं वाटतं. मग बघण्यासारखं काहीतरी द्यायला नको का?

आम्ही नद्या दिल्या. ओवीला एक शंभरपानी वही आणि शिसपेन्सिल. नियम एकच, पुलावर पाटी असेल तरच नदी. ईशान प्रत्येक मोरीवर "नदी!" म्हणून ओरडतो, त्यावरून भांडण होतं, होऊ दे. नाव लिहायचं ते गाडी थांबल्यावर, तोवर तोंडपाठ. चहाला थांबेपर्यंत दोघं मागे "कुंडलिका, कुंडलिका" घोकत बसतात.

महाडला सावित्री आली की मात्र मी स्वतः बोलते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तिथला जुना ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसट्या वाहून गेल्या. पुढच्या जूनमध्ये नवा पूल उभा राहिला. ओवीला हे सांगितलं तेव्हा तिने काच खाली केली आणि पूल संपेपर्यंत खाली पाण्याकडे बघत राहिली. मुलांना असं सांगावं की नाही, यावर आमच्या घरी दोन मतं आहेत. मला वाटतं, सांगावं.

पुढे खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी. संगमेश्वरच्या शास्त्रीपाशी ओवी एकदम म्हणाली, "आई, सगळं पाणी डावीकडूनच का येतं?" सुमे, मी इतक्या वर्षांत कधी लक्षच दिलं नव्हतं! सह्याद्री डाव्या हाताला, समुद्र उजव्या. तिला ते वहीतल्या नावांवरून सुचलं. अंगावर काटा आला माझ्या.

अर्थात दिवसभर नद्या पुरत नाहीत. मधल्या वेळात भेंड्या, आणि धाकट्यासाठी नंबरप्लेट: एमएच ०६ रायगड, ०८ रत्नागिरी, ०७ सिंधुदुर्ग. ०७ दिसायला लागल्या की गाव जवळ आलं हे त्याला कळतं.

पहाटे चारला निघा, पहिले तीन तास मुलं झोपेत जातात. दर दोन तासांनी थांबा आणि प्रत्येक थांब्यावर खिडकी बदला, नाहीतर रडारड ठरलेली. आलेपाक पुढच्या कप्प्यात हाताशी ठेव. पोट अगदी रिकामं नको, तुडुंब तर नकोच.

राजापूरच्या अर्जुनेपर्यंत ओवीच्या वहीत अकरा नावं झाली होती. तुझ्या पोरांची किती होतात ते मालवणला पोचल्यावर लगेच कळव, ती आतापासूनच विचारतेय.

तुझीच,
वैशू