राऊटरचा दुसरा पासवर्ड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोथरूड, वारजे, सिंहगड रस्ता या भागांत फायबरची जोडणी आता घरोघरी झाली आहे. तंत्रज्ञ येतो, चपलांच्या कपाटावर राऊटर ठेवतो, वाय-फायचा पासवर्ड म्हणून ग्राहकाचाच मोबाइल क्रमांक टाकतो आणि पुढच्या घरी जातो. तोच क्रमांक पार्किंगच्या सोयीसाठी गाडीच्या काचेवर ठळक अक्षरांत लावलेला असतो, याचा विचार कोणीच करत नाही.

याहून गंभीर बाब म्हणजे राऊटरच्या सेटिंग्जमध्ये शिरण्यासाठी एक वेगळा पासवर्ड असतो, हेच बहुतेकांना ठाऊक नसते. अनेक जुन्या उपकरणांत तो कारखान्यातून आलेला 'ॲडमिन' असाच राहतो. तो हाती लागलेल्या माणसाला डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरील पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेची, नोंद बदलता येते, आणि मग बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता अचूक टाइप करूनही ग्राहक हुबेहूब दिसणाऱ्या भलत्याच पानावर पोहोचू शकतो. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रणालीने अशाच साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून जगभरातील राऊटर, कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारी उपकरणे) ताब्यात घेतले होते. आपल्या सोसायट्यांच्या सीसीटीव्हीचे डीव्हीआर कोणत्या पासवर्डवर चालतात, हे समित्यांनी एकदा तपासावे. शिवाय २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा दहशतवाद्यांचा ईमेल नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या असुरक्षित वाय-फायवरून गेला होता आणि पोलिसांची चौकशी साहजिकच आधी त्याच्या दारात पोहोचली होती.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना सारखाच, सहज ओळखता येणारा पासवर्ड घालून अशी घरगुती उपकरणे विकण्यास कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे निदान सेवा कंपन्यांनी आणि स्थानिक केबलचालकांनी एवढे करावे, की ग्राहकाने दोन्ही पासवर्ड स्वतःच्या हाताने बदलल्याशिवाय जोडणीच्या अर्जावर 'काम पूर्ण' असा शेरा मारू नये. काही ठिकाणी सेटिंग्जचा पासवर्ड कंपनी स्वतःकडेच ठेवते. तेथे तो कोणाकोणाला माहीत असतो, हे ग्राहकाला लेखी कळवावे. जोडणीच्या त्याच भेटीत डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता, बटण दाबून किंवा पिनने वाय-फायला जोडण्याची सोय) बंद करणे आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करणे ही कामे सहज उरकतात. तोवर ग्राहकांनीच तंत्रज्ञाला थांबवून हे करून घ्यावे, 'काका, त्याची काही गरज नसते' असे तो म्हणाला तरी.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे