पाच वर्षांची चेअरमनकी आणि तुझं ते दांडकं

पलूस, रविवार रात्र

प्रिय विज्या,

परवा फोनवर तू तावातावानं बोलत होतास आणि मधेच रेंज गेली, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. बायको म्हणतेय व्हॉइस मेसेज टाका की, पण एवढं लांबलचक तू ऐकणार नाहीस, दीडच्या स्पीडनं पळवशील. तुझं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या लोकांना दांडकंच लागतं. वरचा खमक्या असला की खालचे सरळ चालतात, तो ढिला पडला की सगळा बाजार. तुमच्यातला नवा साहेब गोड बोलतो म्हणून कोण काम करत नाही, हा तुझा पुरावा.

मी तेव्हा हां हां करत राहिलो. पण लगा, पाच वर्षं ते दांडकं माझ्याच हातात होतं की. लहानसंच, पाणीपुरवठा संस्थेचं, पण होतं.

तुला आपली संस्था माहीतच आहे. कृष्णेवर जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उचलायची विहीर, दोन मोटरी, वर चेंबर, तिथनं चार लाईनी, आणि शेवटच्या व्हॉल्व्हला पाणी पोचेपर्यंत अर्ध्या लोकांची भांडणं झालेली असतात. चेअरमनला पगार नाही, मीटिंगचा चहा आणि चिवडा. मग माणसं त्या खुर्चीसाठी मरतात कशाला असं मला आधी वाटायचं. बसल्यावर आठ दिवसात कळलं. सलूनमध्ये गेलो, पुढं तिघं बसलेले, सलूनवाला म्हणाला चेअरमन या, तुमचं आधी उरकतो. मी दोनदा नको नको म्हणालो आणि बसलो. ते तिघं हसले. खरं सांगतो, मागनं काय म्हणाले असतील हे मला त्यादिवशी लागलं, महिन्याभरानं ते पण लागेनासं झालं. उलट एकदा दुसऱ्या दुकानात मला थांबायला लावलं तर मनात आलं, ह्याला माहीत नाही वाटतं मी कोण आहे. आणि हे मी, जो कॉलेजला असताना एसटीत कंडक्टरशी नियमावरनं भांडायचा!

असली खुर्ची माणसाला एकदम खराब करत नाही बघ, रोज थोडं थोडं जागेवरनं सरकवते, आणि सरकवणारे दुष्ट नसतात, आपलीच माणसं असतात, प्रेमानं सरकवतात.

आता खरी गोष्ट सांगतो, ही मी घरात सोडून कुणाला सांगितलेली नाही. दुसऱ्या वर्षाचा एप्रिल. नदीचं पाणी खाली गेलेलं, त्यात एक मोटर जळाली. बारा दिवसाची पाळी बावीस दिवसावर गेली. माझा उसाचा खोडवा पार मान टाकून उभा. एका रात्री पाटकरी, म्हणजे संस्थेचा पाणी सोडणारा माणूस, आला आणि म्हणाला, चेअरमन, आज रात्रीची लाईट आहे, टेलच्या, शेवटच्या लाईनचं दोन तास आपल्याकडं वळवतो, कोण बघायलंय. मी हो म्हणालो नाही. हे लक्षात ठेव. मी म्हणालो, "बघ तुझ्या हिशोबानं."

विज्या, आपल्याकडचं निम्मं राज्य ह्या एका वाक्यावर चालतं. साहेब खालच्याला म्हणतो, पुढारी साहेबाला म्हणतो, बाप पोराला म्हणतो. हुकूम दिलेला नसतो आणि काम झालेलं असतं. उद्या प्रकरण निघालंच तर त्यानं त्याच्या हिशोबानं केलं, माझा काय संबंध.

सकाळी सहाला टेलच्या वस्तीवरची म्हातारी दारात. अठरा गुंठे सगळे मिळून. मला वाटलं आता शिव्या देणार, मी तयारीतच होतो. ती पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "माझं पाणी कुठं गेलं ते इचारत न्हाय बाबा. तुझ्या सरीत चिखल बघून आलीया. आता परत पाळी कवा, तेवढं सांग." बास. आणि मला काय व्हायला पाहिजे होतं, लाज वाटायला पाहिजे होती ना? मला राग आला! इतका राग की मी म्हणालो, आज्जी, जे व्हायचं ते नियमाप्रमाणं हुईल, हितं येऊन बसायचं कारण नाही. नियमाप्रमाणं म्हणालो मी. ती गेली. चहा पण विचारला नाही.

तो राग कशाचा होता ह्यावर मी लई दिवस विचार केला. वाटतंय असं, की चावी माझ्याकडं होती पण ती माझ्याकडं का आहे ह्याचं कारण तिनं पायरीवर बसून काढून घेतलं. नुसत्या चावीनं भागत नाही, लोकांनी मनातनं मानावं लागतं. आपण साताऱ्याला राहायला होतो तेव्हा अजिंक्यताऱ्यावर चढून बोंबलत बसायचो, आठवतं? तो किल्ला बघ. शाहू महाराज १७४९ ला गेले, त्यानंतर खरी सत्ता पुण्यात. सैन्य पेशव्यांचं, पैसा पेशव्यांचा, छत्रपती साताऱ्यात जवळजवळ नजरकैदेत. तरी नवीन पेशवा झाला की वस्त्रं साताऱ्याहूनच यायला लागायची. ज्याला कोंडून ठेवलंय त्याच्याच हातून कापड घ्यायचं, त्याशिवाय पेशवा पेशवा होत नाही! तलवार असून कापड लागतंच. पुढं इंग्रजांनी १८३९ ला प्रतापसिंह महाराजांना गादीवरनं काढलं आणि १८४८ ला वारस नाही म्हणून संस्थान खालसा केलं, तर तिथंसुद्धा कलम दाखवलं, कागद केला. फौज दारात उभी असताना कागद कशाला लागतो? माझ्या "नियमाप्रमाणं"सारखंच आहे ते. जास्त खाणारा जास्त नियम सांगतो.

तुझ्या दांडक्यावर येतो. आमचे आजोबा तुला आठवत असतील, खोकत खोकत पत्रीसरकारच्या गोष्टी सांगायचे आणि आपण गोट्या खेळायला पळायचो. आता वाटतं बसून ऐकायला पाहिजे होतं. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, हा बराचसा भाग सातारा जिल्ह्यात. १९४३ ते ४६ क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, तेच पत्रीसरकार, इंग्रजांना न जुमानता गावोगाव चाललं, गावातले तंटे गावातच मिटवायचे, सावकार आणि गुंडांना वचक, कमी खर्चातली गांधी पद्धतीची लग्नं. ४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा काढून घेतला तो पण ह्याच माणसांनी. आजोबा तेव्हा मिसरूड फुटलेलं पोरगं, भाकऱ्या पोचवायचं काम. एका गावगुंडाच्या तळपायावर मारताना बघितलेलं ते सांगायचे, म्हणायचे त्या महिन्यात गावात कोंबडी चोरीला गेली नाही. तू म्हणशील, बघ, दांडकंच!

थांब. आजोबा त्याच्या पुढचं पण सांगायचे, ते तू ऐकलं नाहीस कारण आपण पळालेलो असायचो. म्हणायचे, गुंड सरळ झाला तसं चार दिवसात गावातलीच माणसं अंधारात येऊन भावकीतल्यांची नावं सांगायला लागली. ह्यानं बांध कोरला, त्यानं माझ्या बाचं खाल्लं, ह्याला पण एकदा उचला की. निम्मी खोटी. दांडकं चांगल्या माणसाच्या हातात होतं तरी लगेच सगळे आपापल्या शत्रूचा पत्ता घेऊन दारात उभे. आजोबांचं म्हणणं असायचं की वरची माणसं जेलला जायची, मरायची तयारी ठेवून उतरलेली, त्यांना स्वतःला काय नको होतं आणि गावात चारचौघं बसून निवाडा करायची, म्हणून निभावलं. दांडकं नुसतंच राहिलं असतं तर दुसरा सावकार तयार झाला असता. हे त्यांचं मत, पण भाकरी पोचवणाऱ्याला आतलं जास्त दिसतं असं मला वाटतं.

आणि गंमत काय माहिताय, ज्या कुंडलात ह्या चळवळीचा जोर होता ते कुंडल औंध संस्थानातलं. आणि औंधच्या राजानं, भवानराव पंतप्रतिनिधी, तेच सूर्यनमस्कारवाले, त्यांनी १९३९ ला राज्यघटना करून कारभार प्रजेच्या हातात दिला, गावच्या पंचायतीपासून वरपर्यंत. घटना करताना गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा एक इंजिनिअर पण त्यात होता. आपल्या चार कोसात एकीकडं लोक सत्ता हिसकावून घेतायत आणि एकीकडं राजा म्हणतोय घ्या बाबांनो. आता ह्यात पण मेख आहे बघ, लोकांनी ते मानलं का, तर राजानं सांगितलं म्हणून! राजाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून राजाशिवायचा कारभार सुरू. असं आहे आपलं सगळं.

त्याच सुमाराला औंध संस्थानातल्याच आटपाडीला स्वतंत्रपूर झालं, कैद्यांची खुली वसाहत. मागच्या वर्षी सोयरिकीच्या कामानं तिकडं गेलो तेव्हा वाट वाकडी करून गेलो. जन्मठेपेची शिक्षा झालेले कैदी, बायकापोरांसकट राहतात, शेती करतात. बाहेरनंच बघितलं. मला तुरुंग म्हटल्यावर भिंत दिसायची सवय, तिथं डोळा भिंतच शोधत राहिला. एक बाई धुणं वाळत घालत होती, शेजारी पोरगं सायकलचं टायर पळवत होतं. आमच्याबरोबरचे पाहुणे म्हणाले, पळून जात नसतील का? मी म्हणालो, तुम्ही गावातनं पळून का जात नाही? त्यांना राग आला, सोयरीक पण काय जमली नाही, ते जाऊदे. पण मला त्या टायरवाल्या पोराकडं बघून वाटलं, की ह्याच्या बापाला दांडक्यापेक्षा हे पोरगं जास्त धरून ठेवत असणार.

असो, माझ्या संस्थेचं सांगायचं राहिलं. त्या म्हातारीनंतर दोन महिन्यांनी मी मंदिराच्या ओवरीत फळा लावला. कुठली लाईन, कुणाची पाळी, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, सगळं ऑईलपेंटनं चौकटी आखून आणि रोज खडूनं भरायचं, पाटकऱ्यानं नाही, ज्याची पाळी संपली त्यानं स्वतः. लई मोठं काम केलं असं वाटत होतं मला. आणि लोक खूश झाले असतील असं तुला वाटतंय का? अरे शिव्या खाल्ल्या! पहिल्यांदा बोंबलली ती वरच्या लाईनची मोठी मंडळी, ते समजू शकतो. पण टेलची माणसंसुद्धा, ज्यांचं पाणी रोज बुडत होतं ती, मला येऊन म्हणायला लागली, पूर्वीचं बरं होतं चेअरमन, तुम्हाला येऊन शब्द टाकला की काम व्हायचं. महिनाभर डोक्यात जाळ. मग उमगलं, की माणसाला समान वाटप नको असतं, म्हणजे पाहिजे असतं पण बाकीच्यांसाठी. स्वतःसाठी त्याला ओळख पाहिजे असते. फळ्यावर नाव सगळ्यांचंच येतं, त्यात त्याला काय मान?

आणि मी कोण मोठा सांगणारा. त्याच हंगामात ऊस तोडीला आला तेव्हा तो कारखान्याचा तोडीच्या चिठ्ठ्या देणारा बावीस वर्षाचा चिटबॉय, मिसरूड पण नीट नाही, त्याच्या गाडीमागं मी चेअरमन तीन दिवस फिरत होतो. नोंदीप्रमाणं माझी क्रमपाळी कधीच होऊन गेलेली. शेवटी तोडणी टोळीला खुशाली म्हणून वरचे पैसे दिले, ट्रॅक्टरवाल्याला एंट्रीचे दिले आणि चिटबॉयला दाजी म्हणालो. दाजी! सकाळी फळ्यावर नियम, दुपारी दाजी. रात्री झोपताना मला माझंच हसू आलं, आणि ते पोरगं पण आठवलं, त्याच्या तोंडावर तोच भाव होता जो सलूनमध्ये माझ्या तोंडावर असणार.

तेव्हा तुझ्या साहेबाबद्दल मला काय माहीत नाही, तो गोड बोलतो म्हणून काम होत नाही का काम वाटून देताना ओळख बघतो म्हणून होत नाही, हे तू बघ. मला एवढंच दिसलं की दांडक्याला माणूस एक महिना भितो, मग दांडकंवाल्याला चहाला कुठं गाठायचं ते शोधतो. आणि दांडकंवाला, म्हणजे मी, चहाला जातो.

यावेळी फॉर्म भरला नाही. बायकोला वाटलं नाटक करतोय, मुदत संपायच्या दिवसापर्यंत तिला खात्री नव्हती. नवीन चेअरमन आपल्याच वर्गातला, नाव सांगत नाही, ओळखशील. फळा अजून आहे, खडू गायब असतो. सलूनमध्ये परवा गेलो तर पुढं दोघं होते, सलूनवाल्यानं बघितलं, हसला, आणि कात्री चालवत राहिला. मला पाऊण तास बसायला लागलं, जुना पेपर दोनदा वाचला. खरं सांगू, दुखलं थोडं.

म्हातारी चारेक महिन्यापूर्वी गेली. तिचा नातू आता अठरा गुंठे बघतो, त्याची आणि माझी पाळी आता लागोपाठ असते, आधी त्याची. या आठवड्यात रात्रीची लाईट आहे, मंगळवारी दीडला त्याचं संपतं आणि मग माझा व्हॉल्व्ह. मागच्या वेळी त्यानं दहा मिनिटं उशिरा बंद केला, मी बॅटरी घेऊन बांधावर उभा, बघितलं आणि काय बोललो नाही. जागा असलास तर फोन कर, रानात रेंज चांगली येते.

वहिनींना नमस्कार सांग, आणि पोराला सुट्टीत इकडं पाठवच.

तुझा,
बंड्या