टेफ्लॉनची सीट, युरोपची बंदी: उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये बॉल व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्हमधला गोळा जिच्यावर घट्ट बसतो ती कडी) आणि सील रिंग बनतात. माल पीटीएफईचा, म्हणजे बाजारभाषेत टेफ्लॉन. आम्ही तो व्हॉल्व्ह कंपन्यांना देतो, त्यांचे व्हॉल्व्ह युरोपात जातात. हल्ली ऑर्डरसोबत एक फॉर्म येऊ लागला आहे: मालात ‘पीफास’ (PFAS, म्हणजे निसर्गात सहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायने) आहे का, किती आहे, पर्याय कधी देणार? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर सोपे. अख्खी सीटच त्याची आहे! तिसऱ्यापाशी पेन थांबते.

जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या पाच देशांनी २०२३च्या सुरुवातीला अशा दहा हजारांच्या आसपास रसायनांवर एकत्र निर्बंधांचा प्रस्ताव युरोपीय संघापुढे मांडला. हरकती-सूचना आल्या साडेपाच हजारांहून जास्त. ऑगस्ट २०२५च्या सुधारित मसुद्यात सीलिंगचा, म्हणजे गळती रोखणाऱ्या सील-पॅकिंगचा, वेगळा विचार झाला आणि सरसकट बंदीऐवजी कडक अटींवर वापर चालू ठेवण्याचा पर्यायही चर्चेला आला. आमच्यासारख्यांचा जीव त्यावर टांगलेला आहे.

‘दुसरे काहीतरी वापरा’ हे सांगायला सोपे. ग्रॅफाइट वाफेच्या लाइनवर उत्तम, पण तीव्र नायट्रिक अ‍ॅसिडपुढे टिकत नाही. ‘पीक’ (PEEK) हे प्लास्टिक उष्णतेला दणकट, पण तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये चक्क विरघळते. ईपीडीएम रबर तेलात फुगते. मेटल सीट लावली तर व्हॉल्व्ह फिरवायला जोर लागतो, किंमत चढते आणि थेंबही न गळण्याची खात्री कठीण होते. टेफ्लॉन हे सगळे पचवते, तेही उणे दोनशेपासून अडीचशे अंश सेल्सिअसपर्यंत. क्लोरीनच्या लाइनवर ग्लँड, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची पॅकिंगची जागा, गळली तर पहिला फटका शेजारी उभ्या ऑपरेटरच्या फुप्फुसाला बसतो. गंमत म्हणजे, गळती कमी करा म्हणून निकष कडक करणारेही युरोपवालेच, आणि ते निकष आम्ही बऱ्याचदा याच टेफ्लॉनच्या पॅकिंगच्या जोरावर गाठतो.

तरीही ‘आमचा माल निरुपद्रवी, बंदी रद्द करा’ असे मी लिहिणार नाही. तयार सीट अ‍ॅसिडमध्ये वर्षानुवर्षे गप्प बसते, हे खरे. पण फ्लोरिन रसायने बनतात तिथल्या सांडपाण्याचे काय? इटलीत त्रिस्सिनोच्या कारखान्याने साडेतीन लाख लोकांच्या पाण्यात विष कालवले आणि २०१८मध्ये दिवाळे काढले. त्याचीच यंत्रसामग्री आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला आली. तिथल्या लोकांनी प्रश्न विचारले तर ते उद्योगविरोधी ठरत नाहीत.

आणि दूर कशाला, आमच्याच लेथखाली पाहा. सीट टर्न करताना पांढरा, लांबच लांब बर (कातरण) निघतो. गोण्या भरतात, भंगारवाला नेतो. थोडा माल दळून पुन्हा वापरात येतो, उरलेला कुठे जातो ते कुणी विचारत नाही. हा बर उघड्यावर जाळला तर विषारी वायू निघतो. आमच्याकडे टेफ्लॉनच्या मशीनजवळ विडी-सिगारेटला जुनी मनाई आहे, कारण बोटाला लागलेली भुकटी विडीबरोबर जळली की रात्री थंडी वाजून ताप भरतो. कामगाराला हे कळते. नियमांच्या पुस्तकाला अजून कळायचे आहे.

निर्बंध युरोपचे असले तरी तयारी इथेच करावी लागेल. नव्या पॅकिंगची गळती-चाचणी एकट्या लघुउद्योजकाच्या खिशाला झेपत नाही. मालातले फ्लोरिन मोजून दाखला देणारी परवडणारी प्रयोगशाळा आणि सामायिक चाचणी केंद्र भोसरी-चाकण पट्ट्यात एमआयडीसीने उभे करावे. युरोपशी बोलणी करणाऱ्या केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाला राज्याने लेखी कळवावे की सीलिंगला सवलत हवी, आणि तिच्या बदल्यात बर परत गोळा करण्याची अट आम्हाला मान्य आहे. निदान मला तरी आहे; सगळ्या धंदेबंधूंच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही.

लोट्याच्या सांडपाण्याची पीफाससाठी तपासणी करून आकडे दर महिन्याला जाहीर करा. ते कागद हाती नसतील, तर सवलत मागताना आपल्या शब्दाला ब्रुसेल्समध्ये कोण विचारणार?

आपला,
भोसरीतील एक लघुउद्योजक