तक्रार: राधानगरीच्या पुढचा चार्जर आणि दोन बादल्या पाणी

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: राधानगरी–दाजीपूर रस्त्यावरील तुमच्या कंपनीच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरचं अर्थिंग, ॲपवरची चुकीची माहिती आणि अडकलेले २०० रुपये

महोदय,

मी फोंडाघाटचा, तालुका कणकवली. पंचवीस वर्षं वायरमन म्हणून काम करतोय, त्यामुळे पत्र जरा तपशिलात जाईल.

शनिवारी, २६ एप्रिल २०२५ रोजी आईला मोतीबिंदूच्या तपासणीसाठी कोल्हापूरला नेलं होतं. सकाळी बॅटरी भरून निघालो, पण घाट चढताना गाडी किती खाते ते तुम्हाला सांगायला नको. परतताना कोल्हापुरात चार्जरपुढे रांग होती. तुमच्या ॲपवर राधानगरीच्या पुढचा चार्जर हिरवा दिसत होता, ‘उपलब्ध’ लिहिलेला. त्या भरवशावर निघालो. पोचलो तेव्हा बॅटरी १७ टक्के.

चार्जिंगची गन लावली, ॲपमधून १०० रुपये गेले, आणि स्क्रीनवर ‘अर्थ फॉल्ट’, म्हणजे गळणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या अर्थिंगमध्ये बिघाड. पुन्हा लावली. पुन्हा १०० रुपये, पुन्हा तेच. मशिनजवळ मोबाईलला रेंज नाही. हॉटेलच्या पाण्याच्या टाकीमागे गेलं की एक दांडी मिळते. तिथे उभं राहून तुमच्या हेल्पलाईनला चार वेळा फोन केला. मराठीत बोलणारं कोणी मिळालं नाही. शेवटी एकाने हिंदीत सांगितलं, ‘जवळच्या दुसऱ्या स्टेशनवर जा.’ जवळचं म्हणजे परत कोल्हापूर! १७ टक्क्यांत कदाचित घाटमाथा गाठला असता, पण संध्याकाळी, गव्यांच्या जंगलातून, फोन लागत नसताना, ७६ वर्षांच्या आईला घेऊन ‘कदाचित’वर कोण जाईल?

मग मशिनमागच्या अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण उचललं. आत माती खडखडीत कोरडी, वर बिड्यांची थोटकं. आमच्याकडे सगळा जांभा. त्यात उन्हाळ्यात ओल टिकत नाही आणि अर्थिंग निकामी होतं. कोळसा-मीठ भरून वरचेवर पाणी घालावं लागतं, हे इथल्या कुठल्याही वायरमनला ठाऊक आहे. हॉटेलवाल्याकडून दोन बादल्या पाणी आणून ओतलं, दहा मिनिटं थांबलो आणि गन लावली. चालू! आई म्हणाली, “ह्या मशिनीक पण तान लागता काय रे?”

याला दुरुस्ती म्हणू नका. अर्थिंग नसताना मशिनने चार्जिंग नाकारलं ते योग्यच केलं. उद्या पावसात गन हातात धरून कोणाला शॉक बसला तर? माझी तक्रार मशिनबद्दल नाही, ते लावून विसरून जाणाऱ्यांबद्दल आहे.

मशिनवर ३० किलोवॅट लिहिलंय. मला ९ च्या वर मिळाले नाहीत. माझ्याजवळच्या मीटरवर व्होल्टेजही पडलेलं दिसलं. त्या ट्रान्सफॉर्मरवर वस्ती आणि हॉटेल दोन्ही आहेत. जागा ठरवताना संध्याकाळच्या वेळी कोणी लोड बघितला होता का? तासभर बसून ५१ टक्क्यांवर निघालो.

सोमवारी तुमच्या कार्यालयातून फोन आला. म्हणे, त्या ठिकाणी ‘वापर कमी’ असल्याने देखभालीची फेरी लांबते. मशिन बंद म्हणून कोणी येत नाही, आणि कोणी येत नाही म्हणून मशिन बंद. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना स्टेशन हवं असं लिहिलं होतं. आमच्या घाटरस्त्यावर एवढं मागतच नाही मी. एकच असू द्या, पण चालू असू द्या. ते जमत नसेल तर ॲपवरून काढून टाका. चार्जर नाही हे माहीत असतं तर मी कोल्हापुरातल्या रांगेत थांबलो असतो. हिरव्या ठिपक्याने फसवलं.

तेव्हा माझे २०० रुपये परत करा. अर्थिंग नव्याने करून त्याच्या रोधाची ओहममधली मोजणी मशिनवर तारखेसह लावा. रेंज नसली तरी चार्जिंग सुरू करता येईल असं कार्ड द्या. १८ टक्के जीएसटी भरतोच आहोत, सेवाही मिळावी. आणि हॉटेलवाल्याला महिन्याला चार पैसे देऊन खड्ड्यात पाणी घालायला सांगा. तो तयार आहे, मी विचारलंय.

एक लक्षात ठेवा. जूनमध्ये पाऊस लागला की तो खड्डा भिजेल आणि तुमचं मशिन आपोआप चालू होईल. तेव्हा माझी तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद करू नका.

आपला,
एक ग्राहक, फोंडाघाट