शंभराचे सव्वाशे, पण किती वर्षांत?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला बांधकाम प्रकल्पांच्या नफ्यावरचा लेख दोनदा वाचला. शीर्षकात नफा 25 टक्के, आतल्या तक्त्यात तोच 20 टक्के. आकडे दोन्ही बरोबर आहेत. खर्च 100 आणि विक्री 125 असेल तर नफा खर्चावर 25 टक्के पडतो आणि विक्रीवर 20. पण तेवढे एका ओळीत सांगायला काय हरकत होती? वाचकाला ती छपाईची चूक वाटणार. माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. हा नफा किती वर्षांनी हाती आला, याचा अख्ख्या लेखात पत्ता नाही.

निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतला मोठा हिस्सा मी ओळखीच्या एका विकसकाच्या प्रकल्पात घातला होता. त्याने एकच कागद दाखवला. डावीकडे जमीन, बांधकाम, मंजुऱ्या, व्याज, उजवीकडे विक्री, तळाशी लाल शाईने गोल केलेले 25 टक्के. मुदत दोन वर्षांची, पण ती तोंडी. कागदावर तिला जागाच नव्हती. आधी मंजुरी अडली, मग कंत्राटदार सोडून गेला, मग तयार घरे गिऱ्हाइकाविना पडून राहिली. मधल्या काळात भाव चढले म्हणून वाढलेले व्याज भरून निघाले. पाचव्या वर्षी पैसे देताना त्याने तोच कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला. "काका, बोललो होतो तेवढे दिले की नाही?"

दिले होते, पै न् पै. मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन हिशेब मांडला. दोन वर्षांत शंभराचे सव्वाशे झाले असते तर चक्रवाढीने वर्षाला 11.8 टक्के सुटले असते. पाच वर्षांत तेच 4.6 टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्षी पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी मी कर्ज काढले होते, कारण माझेच पैसे तिथे अडकले होते. त्या कर्जाचे व्याज या परताव्याहून जास्त होते.

तुमच्या लेखकाने आयआरआरचे, म्हणजे गुंतवलेल्या पैशावर वर्षाला पडणाऱ्या अंतर्गत परतावा दराचे, नाव घेऊन 'ते तज्ज्ञांसाठी' म्हणत विषय सोडून दिला. अहो, पैसा कधी गेला आणि कधी परत आला हे ज्यात धरले जाते, ते माप तर तेच! त्यातही खोट आहे, हे मान्य. गिऱ्हाइकांच्या हप्त्यांवर काम चालले आणि स्वतःचे थोडेच अडकले, की हाती नफा चिमूटभर येऊनही आयआरआर वर चढतो. म्हणून दर आणि रक्कम दोन्ही शेजारी शेजारी छापायला हवीत. जुनी जमीन जुन्या भावाने खर्चात धरली की नफा फुगतो, तेही लेखात यायला हवे होते. ती वाढ जमिनीची असते, बांधकामाची नव्हे.

निदान पुढच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: पैसे किती महिने अडकले.

आणखी एक. माझ्या मागच्या पत्रातले व्याजाबद्दलचे वाक्य तुम्ही जागेअभावी कापलेत आणि उरलेल्या पत्राचा अर्थ उलटा झाला. दोघांनी फोन करून मला विचारले. हे पत्र छापणार असाल तर पूर्ण छापा, नाहीतर राहू द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार