पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र: पर्यटन कंपन्यांना प्रशस्तिपत्र देण्याआधी पगाराचे कागद बघा

माननीय पर्यटनमंत्री,
गोवा सरकार, पणजी

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातला. वाळपईच्या पुढे, कुळागराला (पोफळीच्या बागेला) लागून असलेल्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. म्हादई नदीवर पावसाळी राफ्टिंग सुरू झालं की आमच्याकडे वर्दळ, हिवाळ्यात पक्षी बघणारे येतात. पर्यटकाने किनारा सोडून आत यावं हे सरकारचंच धोरण. जून 2023 मध्ये जी-20 च्या पर्यटनमंत्र्यांची बैठक गोव्यात झाली आणि तिथल्या आराखड्याला नावही गोव्याचं मिळालं. बरं वाटलं. माझी तक्रार पर्यटकाबद्दल नाहीच. त्याला घेऊन येणाऱ्या कंपन्यांच्या हिशेबाबद्दल आहे.

‘जबाबदार पर्यटन’ म्हणवणाऱ्या कंपन्यांत काही खरोखर नेटक्या आहेत. वाटाड्या गावातला घेतात, जेवण गावात घेतात, पैसे त्याच दिवशी देतात. पण एका कंपनीने आमच्या वाडीतल्या बायकांना चुलीपाशी बसवून फोटो काढले, ते जाहिरातीत लावले, आणि प्रत्यक्षात पाहुण्यांचं जेवण शहरातून डब्यांत आणलं. खोल्यांचे पैसे कितीतरी महिने अडकले. लघुउद्योगांचं बिल 45 दिवसांच्या आत चुकतं करावं, असा केंद्राचा 2006 चा कायदा आहे. पण त्याचा आधार घ्यायला ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी लागते आणि आमच्याकडच्या अनेक घरांना ती कशाशी खातात हेच ठाऊक नाही. आणि ठाऊक असलं तरी पुढच्या हंगामाचं गिऱ्हाईक जिच्या हातात, तिच्याविरुद्ध तक्रार करणार कोण?

पैसा गोंयकाराच्या हातात पडला की सगळं ठीक, असंही मी म्हणणार नाही. शॅकचंच, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी खाणावळींचंच बघा. परवाना स्थानिकाच्या नावावर, चालवणारा भलताच, हे आता गुपित राहिलेलं नाही. तिथे राबणारे पोरगे झारखंडचे, नेपाळचे, कर्नाटकचे. मागच्या बाजूला प्लायवूडच्या आडोशाला झोपतात, साप्ताहिक सुट्टी मालकाच्या मर्जीवर. मे संपताना शॅक उतरते, तिच्याबरोबर पगारही. 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि दहा किंवा त्याहून जास्त माणसं राबवणाऱ्या ठिकाणच्या कामगाराला ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा हक्क आहे. त्यांतल्या किती जणांकडे ते कार्ड असेल? ‘भायले’ (बाहेरचे) म्हणून त्यांना नावं ठेवायला आपण पुढे असतो. पर्यटकाच्या पुढ्यात ताट तेच ठेवतात.

साहेब, यासाठी नवं महामंडळ नको, नवा लोगो तर नकोच. पर्यटन व्यवसाय नोंदणीचा 1982 चा कायदा आपल्या खात्याकडेच आहे. पर्यटकाला कोणी लुबाडलं तर त्यात कारवाईची सोय आहे. तीच सोय कामगाराला आणि गावालाही मिळावी, म्हणून कायद्यात दुरुस्ती करा. तोवर निदान नोंदणीच्या नूतनीकरणावेळी कंपनीला विचारा: पॅकेजच्या रकमेतले किती पैसे गावात दिले, त्याची बिलं दाखवा; कामगारांचा पगार बँकेत जमा होतो का, तो उतारा दाखवा. खोटं निघालं तर बर्लिन-लंडनच्या पर्यटन मेळ्यांत तिला सरकारी दालनात जागा देऊ नका. दंडापेक्षा हे जास्त लागेल. आणि गावाचं म्हणणं ग्रामसभेत ऐकून घ्या, कंपनीने आणलेल्या व्हिडिओत नव्हे.

उत्तर प्रामाणिक देणाऱ्या कंपन्यांची यादी खात्याने जाहीर केली, तर आम्हीही पाहुण्यांना तीच दाखवू. आमच्यासारख्या छोट्या घरांनाही हाच नियम लावा. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या वहिनींचा पगार मी रोख देतो, तोही मग बँकेतून द्यावा लागेल. देईन.

यावर एक सुनावणी वाळपईला आणि एक कळंगुटला ठेवावी, ही विनंती. फक्त डिसेंबरात नको. तेव्हा शॅकमधल्या कुणाला तासभरही सोडत नाहीत.

आपला,
सत्तरीतला एक होमस्टेवाला